पिळाची दोरी

दार उघडलं तर समोर काठी. काठीच्या एका टोकाला माझ्या मुलीचा लंगोट आणि दुसऱ्या टोकाला बेहेरे काका.

"हा आपला का?"

"हो. सॉरी काका, वाऱ्याने उडाला असेल."

"उडाला नाही, उतरला. माझ्या पेपरवर. अग्रलेखावर."

मी त्यांच्याकडे बघितलं, मग लंगोटाकडे. खरं तर हसू यायला हवं होतं, पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट असायची. मी विचारलं, "वाळला होता का?"

"म्हणजे?"

"नाही, वाळला असला तर बरं."

बेहेरे काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. विमा कंपनीतून रिटायर झालेले, पहिल्या मजल्यावर राहायचे. रोज सकाळी खालच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे. काठी त्यांना चालायला लागत नसे, दाखवायला लागत असे. आता त्या काठीने त्यांनी माझ्या खांद्यावरून थेट पुढची गॅलरी दाखवली. लंगोट टोकावर तसाच डुलत होता.

"मिसेस जगताप, पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, असा आपल्याकडे नियम आहे. मागची गॅलरी त्यासाठीच दिलेली आहे."

"मागे ऊनच येत नाही, काका. तो टॉवर झाल्यापासून."

आमच्या मागे पूर्वी एक बंगला होता. बंगला गेला आणि तिथे टॉवर आला. त्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'भरपूर सूर्यप्रकाश' असं लिहिलेलं होतं. खोटं नव्हतं ते. आमचाच होता तो. आमच्या मागच्या गॅलरीत श्रावणात कठड्यावर शेवाळ धरायचं आणि दुपटी दोन-दोन दिवस लोंबत राहायची. पुढच्या बाजूला मात्र पाऊस थांबला की सकाळचं ऊन यायचं. फार नाही, बाळाचे कपडे वाळण्यापुरतं.

"तिला पुरळ उठलंय ओलसर कपड्यांनी," मी म्हणाले.

"लहान मुलांना पुरळ उठतंच. ड्रायर घ्या." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला, म्हणजे महत्त्वाचं आता सांगणार होते. "रविवारी रीडेव्हलपमेंटची माणसं येतायत. प्रेझेंटेशन आहे. बिल्डिंग माणूस आधी बाहेरून बघतो. ही चाळ वाटता कामा नये. तुमचा करार या महिनाअखेर संपतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढचा करायला सोसायटीची एनओसी लागते, हेही ठाऊक असेल. रविवारपर्यंत दोरी उतरवा. नाहीतर मला मालकांना मेल टाकावा लागेल."

काठी पुढे आली. मी लंगोट दोन्ही हातांनी उतरवून घेतला.

दमटच होता.

*

ते घर आम्हाला किती मुश्किलीने मिळालं होतं, ते माझं मला माहीत. पोटात चिऊ आणि मागे शितोळे एजंट, अशी मी डेक्कनच्या मागच्या गल्ल्या पालथ्या घालत होते. शितोळे चांगला माणूस होता. खोटं बोलायचा, पण प्रेमाने.

"मॅडम, तुमच्या बजेटमध्ये या एरियात पार्किंग येईल. वर घर नाही येणार," तो म्हणायचा. "तुमच्या वयाची माणसं इथे राहतच नाहीत. इथे दोनच प्रकारची माणसं. एक, ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी घेतलं. आणि दुसरी, ज्यांची मुलं फॉरेनहून फोन करून विका म्हणतात. तुम्ही वाघोलीला चला. क्लबहाऊस आहे, स्विमिंग पूल आहे."

"आई आहे का तिथे?"

"कोणाची?"

"माझी."

माझी आई मागच्या गल्लीत, दीड खोलीत राहायची. मी तिथेच जन्मले, तिथूनच शाळेत गेले. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी लग्नं झाली तशा एकेक करून नऱ्हे, मोशी, वाघोलीला गेल्या. पुण्यात राहायला म्हणून पुण्याबाहेर. मी एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन होते आणि सप्टेंबरमध्ये कामावर हजर व्हायचं होतं. आई चिऊला सांभाळणार होती, कारण ती चालत येऊ शकत होती. वाघोलीच्या स्विमिंग पुलात मी पोर कोणाकडे ठेवणार होते?

शेवटी या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सिंगापूरच्या एका मालकाचा फ्लॅट मिळाला. करार निशांतच्या, माझ्या नवऱ्याच्या, नावावर झाला. माझं माहेरचं आडनाव कोणी विचारलं नाही. आई रोज येऊ लागली. बाबा मात्र येत नसत. "बघू, येईन की," म्हणायचे आणि विषय बदलायचे. नातीला बघायला ते मला मागच्या गल्लीत बोलवायचे.

बेहेरे काका येऊन गेले त्या संध्याकाळी निशांत म्हणाला, "काढून टाक ना चार दिवस. रविवारनंतर परत लाव. घर जायला नको, शरू."

मी काढली. दुपटी पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठीवर, दारांवर पसरली. घरभर आंबूस वास. दुसऱ्या दिवशी चिऊच्या मांड्यांच्या घडीत लालभडक चट्टे. एवढुशी ती, रडताना मुठी अशा आवळायची की कोणाशी तरी भांडतेय. दिवसभर खांद्यावर घेऊन मी तिच्याशी बोलत फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गॅलरीत ऊन आलं. तिरपं, पिवळं, धुतल्यासारखं. मी तिला त्यात धरलं. ती रडायची थांबली, डोळे किलकिले करून उजेडाकडे बघत राहिली.

मी दोरी पुन्हा बांधली.

खाली बेहेरे काकांनी पेपरवरून वर बघितलं. मी कठड्यावरून खाली बघितलं.

"गुड मॉर्निंग, काका."

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले आणि पेपर घडी करून आत गेले. दुपारी जिन्यातल्या बोर्डावर नोटीस लागली. नाव कोणाचं नव्हतं, पण लंगोट एकाच घरात होते.

*

त्या दिवशी समोरच्या जोगळेकर आजी आल्या. एकट्या राहायच्या. मुलगा मेलबर्नला. हातात एक घडी केलेलं पातळ.

"बेल वाजवली नाही, निजली असेल म्हणून," त्या दारातच कुजबुजल्या. "ही दुपटी तू विकतची आणलीस ना? दिसतंच ती. बाळाला जुन्या पातळाची लागतात. हे घे, फाड. इतक्या वेळा धुतलंय की लोणी झालंय नुसतं."

फिक्या पिवळ्या रंगाचं सुती पातळ होतं. मी गालाला लावून बघितलं. खरंच लोणी होतं.

"तुझ्या बाबाला मी दर वेळी ओरडायचे, खळ घालू नकोस रे याला. तरी घालायचा."

माझा हात तसाच राहिला.

"अशी काय बघतेस? एकनाथची ना तू? नाकावरून पहिल्या दिवशीच ओळखलं मी."

माझे बाबा, एकनाथ रोकडे. याच इमारतीच्या फाटकाशी, सोनमोहराच्या झाडाखाली त्यांची इस्त्रीची टपरी होती. माझ्या जन्माआधीपासून. शाळा सुटली की मी टपरीच्या फळीखाली बसून अभ्यास करायचे आणि गठ्ठे घेऊन बाबांबरोबर हे जिने चढायचे. प्रत्येक दारापर्यंत. दाराच्या आत कधी नाही. गठ्ठा दारात द्यायचा. कधी चहा मिळाला तर जिन्यातल्या खिडकीत ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून प्यायचा, आणि कप विसळून परत खिडकीत ठेवायचा. मी नववीत असताना सोसायटीने दर्शनी भागाचं सुशोभीकरण काढलं. बाबांना सांगितलं, टपरी हलवा. बाबांनी कोणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक उठले तेव्हा टपरी नव्हती. त्या जागी आता कुंड्या होत्या.

"आजी, बेहेरे काकांना सांगू नका," मी म्हणाले. "म्हणजे, मला काही नाही. बाबांना नको आहे. त्यांना वाटतं, कळलं तर आमचं घर जाईल."

"छे गं, त्याला कशाला सांगू? त्याला काही सांगितलं की तो मिनिट्समध्ये लिहितो." आजी गॅलरीत गेल्या, दोरीला हात लावून बघितला. "आम्ही आलो ना इथे राहायला, तेव्हा सगळी तुझ्याच वयाची होतो. पुढून बघितलं तर बिल्डिंग म्हणजे नुसतं जहाज. बाराच्या बारा गॅलऱ्यांत लंगोट. बेहेऱ्यांकडे तर जुळे होते."

"मग हा नियम?"

"शेवटचं पोर दहावी पास झालं," आजी म्हणाल्या, "आणि मग नियम झाला."

*

नोटिशीचं आईने घरी सांगितलं असणार. शुक्रवारी मी गॅलरीत आले तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, बाबा उभे. कुंड्यांकडे बघत.

"बाबा! वर या ना."

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग जिना चढून आले. चपला पार खाली, पहिल्या पायरीशी काढून. दारात थांबले.

"आत या."

आले, पण दाराला लागून भिंतीशी जमिनीवर बसले. सोफा रिकामा होता. मी चिऊला त्यांच्या मांडीवर दिलं. तिने त्यांचं बोट पकडलं. इस्त्रीने भाजून भाजून टणक झालेलं बोट, त्यावर तिची ती मऊ मूठ. बाबांनी ते बोट जराही हलू दिलं नाही.

मग म्हणाले, "दोरी काढ, शरू."

"तिचे कपडे कुठे वाळवू?"

"मी घेऊन जातो. गच्चीवर वाळवीन, इस्त्री करून रोज आणून देईन. आईजवळ देत जाईन."

"तुम्ही माझ्या मुलीचे कपडे गठ्ठा बांधून माझ्याच दारात आणून देणार?"

"त्यात काय झालं?"

"तुम्हाला काही झालं नाही, बाबा. मला झालं."

"पोरी, घर जाईल. ही माणसं वाईट नाहीत, पण त्यांचं ठरलं की ठरलं. मला सांगितलं, मी गेलो. बोललो असतो तर काय झालं असतं? उगाच तोंड कडू."

"तुम्ही रात्रीतून गेलात. मी शाळेत जायला निघाले आणि बघितलं, झाडाखाली नुसता काळा डाग, कोळशाचा. मी त्या दिवशी शाळेत गेलेच नाही. नदीवर जाऊन बसले." हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "मी नाही जाणार रात्रीतून. घालवायचं तर दिवसा घालवू दे. सगळ्यांच्या समोर. आणि कोणाची मुलगी ते कळायचं तर कळू दे."

"आवाज कमी कर. जिन्यात ऐकू जातं."

"जाऊ दे!"

चिऊ दचकली आणि रडायला लागली. मी तिला उचललं. बाबा उठले. बोलता बोलता मी काठीचंही सांगून टाकलं, बेहेरे काकांनी लंगोट कसा आणून दिला ते. बाबा क्षणभर थांबले.

"काठीवर?"

"काठीच्या टोकावर."

वाऱ्याने दोरीवरचा एक चिमटा निसटून फरशीवर पडला. बाबांनी तो उचलला, दोरीकडे बघितलं, चिमटा माझ्या हातात दिला आणि गेले. चहा टाकते म्हटलं, तर थांबले नाहीत. मला वाटलं, आता परत कधी येणार नाहीत.

*

रविवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. निशांतने शनिवारीच दोरी उतरवून स्कूटरच्या डिकीत टाकली होती. मी अडवलं नाही. ऊनच नव्हतं, तर भांडायचं कशासाठी? तो चिकन आणायला गेला, आणि दोरीही त्याच्याबरोबर गेली.

खाली अंगणात पडदा, त्याच्यापुरताच कापडी मांडव आणि समोर खुर्च्या. कंपनीचं नाव लिहिलेला मोठा फलक फाटकाशी बांधलेला. खुर्च्यांवर सगळी पांढरी डोकी. बेहेरे काकांनी वर बघितलं. रिकामी गॅलरी बघून समाधानाने मान हलवली. मला त्या मान हलवण्याचाच जास्त राग आला. चिऊला खांद्यावर घेऊन मी गॅलरीतच उभी राहिले. भाडेकरूंना मीटिंगला बसता येत नव्हतं, पण स्वतःच्या गॅलरीत उभं राहायला तर मनाई नव्हती.

टाय लावलेला एक तरुण बोलत होता. पडद्यावर गोल गोल रंगीत चित्रं.

"सर, आम्ही या परिसराच्या लोकसंख्येचा अभ्यास केलाय. मालकी हक्काची घरं सर्वाधिक. साठीपुढचं वय, सर्वाधिक. शून्य ते पाच वयोगट, नगण्य. म्हणून आम्ही खेळाची जागा वगळून तिथे ध्यानकक्ष देतोय."

नेमकी तेव्हाच चिऊ रडायला लागली. साधंसुधं नाही, टाहो. मांडवाच्या कापडाला कापून जाणारा.

तरुण थांबला. माना वर झाल्या.

जोगळेकर आजींनी विचारलं, "मग हे नगण्य कोण रडतंय?"

खुर्च्यांतून हसू फुटलं. तरुणही हसला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, भाडेकरू आम्ही धरत नाही यात."

"भाडेकरू तात्पुरते असतात," बेहेरे काका म्हणाले. "पुढे घ्या."

ते पुढे घेणार, तेवढ्यात ऊन पडलं. श्रावणातलं असतं तसं, कोणाला न विचारता. सगळी गॅलरी पिवळी झाली. माझ्या पायाशी बादली होती. पिळून ठेवलेल्या दुपट्यांची, लंगोटांची. आणि दोरी नव्हती. मी घरभर शोधलं. नाडी नाही, सुतळी नाही, काही नाही. ऊन किती वेळ टिकेल सांगता येत नव्हतं. तात्पुरती मी, तात्पुरतं ऊन. रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही राग आला.

परत गॅलरीत आले तर फाटकातून बाबा आत येत होते.

पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्रीचा, बाहीची घडी सुरीसारखी. हातात दोरीचं वेटोळं. मांडवाच्या कडेने जायला जागा होती, पण ते कडेने गेले नाहीत. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, पडद्याच्या उजेडातून सरळ चालत आले. त्यांच्या सदऱ्यावर क्षणभर तो रंगीत गोल उमटला.

"काय रे एकनाथ?" बेहेरे काका म्हणाले. "इकडे कुठे? मीटिंग चालू आहे."

"चालू द्या, साहेब. मी मुलीकडे आलोय."

"मुलीकडे? कोणाच्या?"

"माझ्या."

बाबांनी दोरी धरलेला हात वर करून माझ्याकडे दाखवलं. सगळी पांढरी डोकी बाबांकडून माझ्याकडे वळली. मी चिऊला नीट धरलं आणि ताठ उभी राहिले.

बाबा जिना चढून आले. या वेळी चपला आमच्या दाराशी, आमच्या चपलांशेजारी काढल्या. थेट गॅलरीत गेले.

दोरी एक नव्हती, दोन होत्या. त्यांनी दोन्हींची टोकं एका खांबाला बांधली, दुसरी टोकं हातात घेतली आणि पीळ द्यायला लागले. घट्ट, आणखी घट्ट. मग दुसऱ्या खांबाला आवळून गाठ मारली. धोबीघाटावर अशीच दोरी असते, लहानपणी मी बघितली होती. दोन्ही दोऱ्यांमधला पीळ बोटाने जरा उघडायचा, कपड्याचं टोक आत सारायचं, बोट काढून घ्यायचं. चिमटा लागत नाही. पीळच धरून ठेवतो.

"बघ, असं," ते म्हणाले, आणि पहिलं दुपटं लावलं. फिकं पिवळं.

"अगंबाई, माझं पातळ!" खालून जोगळेकर आजी ओरडल्या. "ते माझं पातळ आहे, हां!"

दुसरं दुपटं. तिसरं. लंगोट. झबलं. बाबा घाई करत नव्हते. प्रत्येक कपडा झटकून, सुरकुती काढून, ओळीत. खाली पडद्यावर चित्र बदलत नव्हतं आणि तरुण बोलत नव्हता.

बेहेरे काका उभे राहिले. काठी वर झाली. "एकनाथ, काढ ते. नियम आहे इथे. तुला माहीत नाही का?"

या माणसाला बाबांनी आयुष्यभर एकच उत्तर दिलेलं मी ऐकलं होतं. 'हो, साहेब.'

बाबा कठड्याशी गेले. वाकले नाहीत, नुसतं खाली बघितलं.

"साहेब, तुमच्या जुळ्यांचे लंगोट पडायचे वाऱ्याने. पहिल्या मजल्यावरनं, थेट माझ्या टपरीवर. रोज. मी वर आणून द्यायचो." ते थांबले. "हाताने आणायचो, साहेब. काठीवर नाही कधी आणले."

काठी थोडा वेळ तशीच वर राहिली. मग खाली आली. बेहेरे काका बसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या बेहेरे काकू इतका वेळ समोर बघत होत्या. त्यांनी मान वर केली आणि आमच्या दोरीकडे बघतच राहिल्या.

वारा आलाच. श्रावणात ऊन आलं की मागून वाराही येतो. आमच्या दोरीवरचं सगळं एकदम आडवं झालं, फडफडलं. फाटकावरचा कंपनीचा फलक एका बाजूने सुटला आणि खुर्च्यांच्या मागच्या रांगेवर आला. एकच धांदल उडाली. आमच्या दोरीवरून लंगोट सोडा, टोपडंही सुटलं नाही.

बाबांनी फलकाकडे बघितलं. "ती दोरी कोणी बांधली होती?" असं हळूच म्हणाले आणि बादलीतलं शेवटचं झबलं उचललं.

*

मेल गेला. बेहेरे काका शब्दाचे पक्के होते. सिंगापूरच्या मालकाचा निशांतला फोन आला. "बाळ झालं का? अभिनंदन. दोरी लावा, पण भिंतीत खिळा ठोकू नका." एनओसी देण्यावरून कमिटीत काय झालं ते मला कळलं नाही. जोगळेकर आजी एवढंच म्हणाल्या, की बेहेरे काकूंनी पहिल्यांदाच मीटिंगमध्ये तोंड उघडलं. करार झाला. इमारत पाडेपर्यंत आम्ही तिथे राहिलो. आता तिथे टॉवर आहे. आम्ही मागच्या गल्लीत, आईच्या शेजारच्या दोन खोल्यांत आहोत. शितोळे म्हणतो, अजून वाघोली बघा. चिऊ शाळेतून आली की स्वतःचे मोजे धुते आणि पीळ उघडून टोक आत सारते. तिला वाटतं, सगळ्यांकडे दोरी अशीच असते.

पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारचं. कपडे लावून झाले. बाबांनी हात सदऱ्याला पुसायला नेले आणि इस्त्री आठवून मागे घेतले. मी टॉवेल दिला. ते आत आले. भिंतीशी गेले नाहीत. सोफ्यावर बसले, आधी कडेला, मग मागे सरकून, पाठ टेकून. मी चिऊला त्यांच्या मांडीवर दिलं. मीटिंग मोडली असावी, कारण जिन्यात पावलं वाजायला लागली होती, एकेकाची, वर चढणारी. मी दार लावायला गेले.

"राहू दे उघडं," बाबा म्हणाले. "आणि चहा टाक. कपात दे. बशीसकट."